बोरिवलीमार्गे कांदिवली ते अंधेरी

बोरिवलीहून सुटणारी लोकल बोरिवलीला भरूनच येते. इंडिकेटरवर स्वच्छ लिहिलेलं असतं, उद्घोषणेतली बाई तीन भाषांत सांगत असते, की ही गाडी इथूनच सुटणार. फलाटावरची मंडळी सॅक पोटाशी घेऊन, दार नेमकं कुठे येईल याचा अंदाज बांधून उभी असतात. गाडी शिरते आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं दिसतात. नुसती बसलेली नव्हेत, स्थिरस्थावर झालेली. कुणी चपला काढून मांडी घातली आहे, कुणी पोथी अर्ध्यावर आणली आहे, कुणाच्या मोबाइलवर मालिकेतली सासू दुसऱ्यांदा बेशुद्ध पडली आहे. एक जण तर चक्क घोरतोय. गाडी अजून सुटायची आहे.

हे कोण, असं उपनगरात कुणी विचारत नाही. हे कांदिवलीकर. थोडे मालाडकर. म्हणजेच रिटर्नवाले.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर असे एक काका आहेत. राहायला कांदिवली, नोकरी अंधेरीला. मधे मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी, की आलंच अंधेरी. नाकासमोर सरळ दक्षिणेला. काका रोज सकाळी उत्तरेला जातात.

"काका, अंधेरी तिकडे ना?"

"अंधेरी तिकडे आहे हो, पण सीट इकडे आहे."

काका डाउन लोकल पकडून बोरिवलीला जातात. गाडी रिकामी होता होता खिडकी पटकावतात. मोटरमन या टोकाचा त्या टोकाला जातो, गाडी उलटी निघते आणि घरातून निघाल्यावर वीसेक मिनिटांनी काका कुठे असतात? कांदिवली स्टेशनात. जिथून निघाले तिथेच, त्याच स्टेशनात; फक्त आता बसलेले. त्या वेळेला कधी काकूंचा फोन येतो, "कुठवर पोचलात?" काका सत्यवचनी आहेत. म्हणतात, "कांदिवली." काकूंनाही आता त्यात काही वावगं वाटत नाही. समोरच्या फलाटावर त्यांच्याच सोसायटीतली माणसं दाराला लोंबकळायच्या तयारीत असतात. काका त्यांच्याकडे बघून मान हलवतात. त्या मान हलवण्यात जी प्रतिष्ठा असते ती प्रमोशनमध्ये नसते.

बरं, या सीटवर काका बसतात किती वेळ? अंधेरीला उतरायचं तर आधी दारापर्यंत पोचावं लागतं, आणि त्यासाठी गोरेगावलाच उठून "उतरणार का, अंधेरी उतरणार का" असा जप सुरू करावा लागतो. उशीर झाला तर गर्दी पार्ल्याला नेऊन सोडते, मग तिथून पुन्हा रिटर्न. म्हणजे काकांना कामाचं बसायला मिळतं ते कांदिवली ते गोरेगाव, दोन स्टेशनं. त्यासाठी आधी कांदिवली ते बोरिवली आणि बोरिवली ते कांदिवली, ही दोन स्टेशनं. दोन स्टेशनं बसण्यासाठी दोन स्टेशनांची रपेट. हा हिशेब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला, तर काका दुखावले. म्हणाले, "तुम्हाला सीटमधलं कळत नाही."

आता पासचं. कांदिवली ते अंधेरी हा पास बोरिवलीला चालत नाही. ज्या स्टेशनाचं नाव पासावर नाही तिथे पास असून तुम्ही विनातिकीट. काका पापभीरू, त्यांनी पास बोरिवलीपासूनचा काढला. म्हणजे ज्या बोरिवलीत त्यांचं घर नाही, दार नाही, मेहुणाही नाही, त्या बोरिवलीचे ते महिन्याच्या महिन्याला पैसे भरतात, आणि बोरिवलीत काय बघितलं म्हणाल तर एक फलाट, तोही खिडकीतून. सगळेच काही इतके सज्जन नसतात. बाकीच्यांनी टीसीसाठी एक उत्तर पाठ करून ठेवलेलं आहे.

"कांदिवलीचा पास. बोरिवलीला कसे?"

"झोप लागली, पुढे आलो."

"उभ्याउभ्या?"

"साहेब, आम्हाला उभ्याउभ्याच लागते."

सकाळी सातला, आंघोळ करून, डबा घेऊन कामावर निघालेल्या माणसाला घरापासून पहिल्याच स्टेशनावर आणि तेही उलट्या दिशेला गाढ झोप लागते, यावर या शहरातला टीसी कधीकधी विश्वास ठेवतो. इथली उरलेली माणुसकी बहुधा त्याच्याकडेच जमा असावी.

इतिहासाचा दाखला हवा असेल तर तोही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, वर २१ तोफांची सलामी. एका डब्याला तीसही माणसं नाहीत आणि सगळी बसलेली. या मार्गावर असा योग पुन्हा काही आला नाही. पण खरी मौज पुढेच. त्या ४०० जणांचं ठाण्यात काम काय होतं? काही नाही. तंबूत मेजवानी झोडली आणि संध्याकाळी मंडळी मुंबईला परत. म्हणजे या देशातली पहिली प्रवासी गाडीच रिटर्नवाल्यांनी भरलेली होती. कांदिवलीचे काका ही परंपरा चालवतायत, तर त्यांना निदान एक तोफ तरी मिळायला हवी.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. अडचण बोरिवलीकरांची होते. त्यांच्या गावच्या गाडीत त्यांनाच जागा नाही. मग बोरिवलीकर काय करतो? तो भाईंदरला जातो. भाईंदरकर चिडून विरारला जातो. विरारकराला कळतं, की विरारची गाडी विरारलाच भरून येते. तो कुठे जाणार? २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, तेव्हा तो डहाणूला जाऊ शकतो. चर्चगेट ते डहाणू १२४ किलोमीटर. सीट म्हटल्यावर अंतर बघायचं नसतं. मग डहाणूकर? त्याने उंबरगाव गाठावं, तिथल्याने वापी, वापीवाल्याने सुरत. तिकडे मध्य मार्गावर तीच कथा. मुलुंडकराला दादरला जायचं तर तो आधी ठाण्याला जातो. ठाणेकर कल्याणला, कल्याणकर कसाऱ्याला, कसारेकर घाट चढून इगतपुरीला आणि इगतपुरीकर नाशिकला. तिथे तासभर मोकळा असला तर गोदेत एक डुबकी, पंचवटीत काळाराम, आणि मग पंचवटी एक्स्प्रेसने बसून दादर. विद्याविहारचा माणूस सकाळी सीएसएमटीला जायला घाटकोपरला उलटा येतो, कारण काही गाड्या घाटकोपरहून सुटतात. मेट्रो आली तेव्हा वाटलं, हे थांबेल. ८ जून २०१४ ला वर्सोवा ते घाटकोपर सुरू झाली, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. पण त्या चिमुकल्या मार्गावरही डी. एन. नगरचा माणूस घाटकोपरला जाताना आधी वर्सोव्याच्या दिशेला वळतो. संध्याकाळी हीच यात्रा उलटी: मरीन लाइन्सवाला चर्चगेटला, मस्जिदवाला सीएसएमटीला. अशा रीतीने रोज सकाळ-संध्याकाळ अख्खं महानगर आधी आपापल्या मुक्कामापासून लांब जातं. चंद्रावरून कुणी पाहत असेल, तर त्याला वाटेल, या लोकांना कामावर जायचंच नाहीये. त्याचं फारसं चुकणार नाही.

घराचंही तेच झालंय. काकांचे आजोबा गिरगावात, वडील पार्ल्यात, काका कांदिवलीत, मुलाने फ्लॅट बुक केलाय विरारला. प्रत्येक पिढी पुढे गेली म्हणून पेढे वाटले. गेली फक्त उत्तरेला.

रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' नावाची एक अधिकृत संज्ञा आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. चौरस मीटर म्हणजे मोठ्या कॅरम बोर्डाहून किंचित जास्त जागा. त्यावर सोंगट्या १९ असतात, पण सोंगट्यांना डबा नसतो, छत्री नसते, पाठीवर लॅपटॉप नसतो, आणि भोकात पडली तर सोंगटी पुन्हा काढून ठेवता येते. मला त्या आकड्यापेक्षा त्याला दिलेल्या नावाचा राग येतो. एखाद्या गोष्टीची आधी लाज वाटायला हवी. आम्ही तिला परिभाषा दिली. माणसं चिरडतात याला शब्द सापडला, की काम झालं. मग बैठका त्या शब्दावर होतात, आणि माणूस आपला बोरिवलीला जाऊन उलटा येतो.

आता हे विनोदाने किती दिवस सांगायचं? लेडीज डब्यातली बाई पहाटे उठते, दोन डबे भरते, आणि ज्या वेळात मुलीची वेणी नीट घालता आली असती तो वेळ बोरिवलीला जाऊन यायला घालवते. का? संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं असतं. सकाळी थोडे पाय वाचले तर वाचले. रिटर्न ज्यांना झेपत नाही त्यांचं काय? पोटुशी बाई, गुडघे गेलेले आजोबा, कालच प्लॅस्टर निघालेला पोरगा: हे सगळे बोरिवलीला, जिथून गाडी सुटते तिथे, वेळेवर हजर असतात आणि उभ्याने जातात. मग बोरिवलीकर ओरडतो, "रिटर्नवाले, उठा!" कांदिवलीकर ओरडतो, "पास आहे माझ्याकडे!" मालाडकर झोपेचं सोंग घेतो. आयमाय निघते, कॉलर धरली जाते. दोघांचाही खिसा मारला गेलाय आणि दोघं एकमेकांच्याच खिशात हात घालून शोधतायत. ज्याने मारला तो या डब्यात कधी चढलेलाच नाही.

तो कोण, ते सांगतो. काका अंधेरीला उतरतात, पुलावर मिनिटं मोजत सरकतात, मेट्रोने उभ्याने मरोळ नाक्याला जातात, ऑफिसात पोचतात, कार्ड खुपसतात, खुर्चीत बसतात आणि लॅपटॉप उघडून मीटिंगला लागतात. मीटिंग पडद्यावर! पडद्यावर मुलुंडचा एक सहकारी असतो, तो त्याच इमारतीत दोन मजले वर बसलेला. घाटकोपरची एक मुलगी असते, ती खालच्या मजल्यावर. मुलुंडवाला सकाळी ठाण्याला जाऊन आलेला असतो. तिघेही कानात बोंडं घालून एकमेकांना म्हणतात, "आवाज येतोय का?" २०२० साली हेच काका कित्येक महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरून हेच काम करत होते. कंपनी बुडाली नाही. पगार झाले. आणि मग साहेबांना अचानक आठवलं, की माणसं समोरासमोर भेटल्याशिवाय संस्कृती तयार होत नाही! कुठली संस्कृती? काका ऑफिसात कुणाच्या समोर असतात? समोर भिंत, भिंतीवर 'लोक हीच आमची संपत्ती'. साहेब दहाला येतात, घर ते ऑफिस दहा मिनिटं, मागच्या सीटवर, आणि त्यांच्या सीटसाठी त्यांना कुणी सुरतेला पाठवत नाही. कार्यालयांच्या वेळा वेगवेगळ्या करा, ही सूचना इतकी जुनी झाली की तिला आता पेन्शन सुरू व्हायला हवी. प्रत्येक साहेबाला ती मान्य असते. वेळ शेजारच्या ऑफिसने बदलावी, एवढीच त्याची अट असते. दहाला सगळ्यांनी एकत्र यायचं, सहाला सगळ्यांनी एकत्र सुटायचं, आणि मग गर्दी फार वाढली म्हणून साहेबांनी मोटारीची काच वर करायची.

काकांना मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "खरं आहे. पण उद्या जरा लवकर निघतो. सात पाचला कांदिवलीला हल्ली मालाडवाले भरून येतात." आता ते सात पाचच्या आधीची डाउन गाडी शोधतायत, आणि ती सापडली तर त्यांना मालाडला जाऊन कांदिवलीमार्गे बोरिवलीला जायचंय. पास वाढवायला लागणार नाही, याची खात्रीही करून झाली.

तेव्हा बोरिवलीकरांनो, एक विनंती. उद्या खिडकीत बसलेल्या रिटर्नवाल्याची कॉलर धरण्याआधी त्याला एवढंच विचारा, की ऑफिसात पोचून तू नक्की करतोस काय. तो पडद्यावर मीटिंग करत असेल, तर त्याला बसू द्या. आणि त्याच्या साहेबाचा नंबर तेवढा घेऊन ठेवा.