रात्रपाळीचा संसार

निघायच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या मावशीनं फोनवर विचारलं, "रात्री बोट कुठे लावता रे?"

लास पाल्मास ते सेंट लुशिया, अटलांटिक ओलांडून २,७०० सागरी मैल. केप व्हर्दीची बेटं डावीकडे गेली की पुढे नुसतं पाणी. आमच्या नांगराची साखळी ६० मीटर, तळ काही किलोमीटर खाली. म्हटलं, "लावत नाही मावशी, चालूच असते."

"मग झोपता कधी?"

मावशीला शिडाच्या बोटीतलं काही कळत नाही, पण संसारातलं कळतं.

बोट ३६ फुटी, म्हणजे साधारण एसटीएवढी. तांडेल बायको. कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत ती शीड हाकायला शिकली. माझा सागरी अनुभव म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवस, लाँचनं, डोळे मिटून. त्यामुळे मी खलाशी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम संपल्यावर निघालो. लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जायचं आणि मग उजवीकडे वळायचं, हा इथला जुना नियम. आमच्याकडे लोण्याऐवजी तुपाची बरणी होती. तूप पातळ झालं की नाही, यावरून पहिला वाद.

कोलंबसही १४९२ साली लास पाल्मासच्याच कॅनरी बेटांमधून, गोमेराहून निघाला. पण त्याच्याकडे तीन जहाजं होती. एकावर बिनसलं तर दुसऱ्यावर जाऊन बसायची सोय.

"एवढ्याशा जागेत चोवीस तास एकमेकांचं तोंड कसं बघता?" असं लोक विचारतात. बघतोय कोण? रात्री आठ ते बारा पहारा माझा, बारा ते चार तिचा, चार ते आठ पुन्हा माझा. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून कुणीतरी जागं हवंच. सुकाणू धरायला बंडोपंत होते. बंडोपंत म्हणजे बोटीच्या मागे लावलेलं, वाऱ्यावर डोलणारं पातं. वीज लागत नाही, पगार लागत नाही, फक्त वारा फिरला की तेही चुपचाप बोट फिरवतात. दिवसा उरलेली झोप आळीपाळीनं. तीही सुखाची नाही. पाठीमागून वारा, दोन बाजूंना दोन शिडं आणि बोटीचं अखंड झुलणं. बिछान्याला पडू नये म्हणून कापडाची झोळी बांधलेली. पन्नाशीत पुन्हा पाळण्यात.

म्हणजे नवरा-बायकोची भेट रात्री बाराला आणि पहाटे चारला, दोन-दोन मिनिटं. "उठ." "हं." "पाऊस येईलसं दिसतंय." "हं." एवढ्यात भांडण काय उरकणार? ते बोटीच्या नोंदवहीत चाले.

'०२.०० – वारा ईशान्य, १८ नॉट. कुकरची शिटी कुठे ठेवलीस?'

'०४.१० – वारा तोच. मी ठेवली नाही.'

'०१.३० – वारा २२ नॉट, मोठं शीड आखूड केलं. परवा भात तू लावला होतास.'

कुकर म्हणजे झुलत्या बोटीवरचं रत्न. झाकण घट्ट, सांडत नाही, गॅस वाचतो. शिटी गेल्यापासून मात्र ते नुसतंच जड पातेलं होतं.

पश्चिमेला पंधरा अंश गेलं की घड्याळ तासभर मागे. सेंट लुशियापर्यंत असे चार तास. पहिला जादा तास माझ्या पहाऱ्यात घातला गेला. दुसराही. 'हे मुद्दाम आहे,' असं मी २३.०० च्या नोंदीखाली लिहिलं. उत्तर आलं: 'आहे.'

अकराव्या दिवशी मागे टांगलेला केळ्यांचा घड एकदम पिकला. एकेक नव्हे, सगळा. तीन दिवस शिकरण, कोशिंबीर, पुन्हा शिकरण. दूध पावडरचं. एका पहाटे अंधारात उडता मासा माझ्या गालावर येऊन आदळला. तिनं तो रव्यात घोळवून तळला आणि तिच्या पहाऱ्यात एकटीनं खाल्ला. नोंद: 'चविष्ट.'

तेविसाव्या दिवशी सेंट लुशियाच्या रॉडनी बेमध्ये नांगर टाकला. जेवून आठ वाजताच दोघं एकाच वेळी आडवे झालो. या प्रवासात पहिल्यांदाच.

बाराला दोघांनाही जाग आली. बोट हलत नव्हती, जहाजं येणार नव्हती. समोरासमोर बसलो. बोलायला काही सुचेना. तेवढ्यात पावसाची सर आली, म्हणून लास पाल्मासच्या थंडीनंतर गुंडाळून ठेवलेलं जाकीट मी काढलं. खिशात काहीतरी जड लागलं.

मी गुपचूप वही उघडली. '००.२० – रॉडनी बे. वारा नाही. शिटी सापडली.'

तिनं वही ओढून घेतली, वाचली, पेन मागितलं.

'कुठे?'