परसातलं पर्माकल्चर आणि पडवळाची विल्हेवाट

प्रस्तुत मार्गदर्शन मुंबई-पुण्याची नोकरी आटोपून कोकणातल्या वडिलोपार्जित घराकडे वळलेल्या, साखर आटोक्यात पण उत्साह आटोक्याबाहेर असलेल्या गृहस्थांसाठी आहे. त्यांच्या घरातल्या बायकांना त्याची गरज नाही. अळू कुठे लावायचं, ते त्यांना माहीत असतं.

आधी शास्त्र. पर्माकल्चर ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मली. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांचं ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक १९७८ साली आलं. रान जसं कुणी न नांगरता, न फवारता उभं राहतं, तशी खायला देणारी बाग रचायची, हा त्याचा गाभा. गावात बोलताना टास्मानियाचा उल्लेख आवर्जून करावा. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात सोडा आणि कडेनं अळू लावा, असं नुसतं सांगितलंत तर शेजारच्या काकी विचारतील, “मग आणखी कुठे सोडतात?” त्यालाच ‘बनाना सर्कल’ म्हणालात, तर त्यांचा मुंबईचा नातू येऊन फोटो काढेल.

होल्मग्रेन यांच्या बारा तत्त्वांतलं पहिलं तत्त्व निरीक्षणाचं. लागवडीची घाई न करता ऊन कुठून येतं, वारा कुठे आपटतो, पाणी कुठे साचतं हे पाहत बसायचं. यासाठी पडवीत एक आरामखुर्ची लागते. वर्षभर तिच्यात बसून काहीही न करण्याला शास्त्राधार देणारी दुसरी कृषिपद्धती निदान मला तरी माहीत नाही. मात्र निरीक्षण खरंच करा. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या अंगणात मे महिन्यात विहिरीचा तळ का दिसतो, याचं उत्तर पायाखालच्या जांभ्यात आहे. पाणी त्यात मुरतं आणि खालून वाहून जातं. म्हणून उताराला आडवे चर खणायचे. पुस्तकात त्यांना ‘स्वेल’ म्हणतात, जलसंधारणवाले ‘सलग समतल चर’ म्हणतात. खणणारा माणूस काही म्हणत नाही, दीड फुटावर कातळ लागला की पहार ठेवून विडी पेटवतो.

मग जागेची विभागणी. घर म्हणजे शून्य विभाग, रोज हात लागतो तो पहिला, आणि असं करत पाचवा विभाग म्हणजे रान, ज्यात आपण ढवळाढवळ करायची नाही. पहिल्या विभागात कढीलिंब, मिरची, आलं, गवती चहा लावावा. कोथिंबीरही लावावी, म्हणजे पहिल्या मुसळधार पावसात ती कुजताना पाहून मन वैराग्याकडे वळतं. पाचव्या विभागाकडे आपण जायची गरज नसते, तोच आपल्याकडे येतो. सकाळी आठच्या सुमारास वांदरांची टोळी कौलांवरून शून्य विभागात उतरते आणि पपई, केळी, कोवळे दोडके यांचं निरीक्षण न करता थेट उपयोजन करते. समस्येतच उत्तर दडलेलं असतं, असं मॉलिसन यांची शिकवण सांगते. वांदरांच्या बाबतीत ते कुठे दडलंय, याचा शोध गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

जमिनीसाठी आच्छादन आणि जीवामृत. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. एका एकराचं हे प्रमाण आहे, परसाला त्याचा छोटासा वाटा पुरतो. तरी बेसनाचा डबा फळीवरून काढताना स्वयंपाकघरात कुणी नाही, याची खात्री करून घ्यावी.

बियाणं गावठीच हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालापासून भातापर्यंत गावरान वाणं जपून बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्हाला पद्मश्री मिळणार नाही, पण काकींकडून पडवळाच्या चार बिया मिळतील. त्या घ्या, लावा, मांडव घाला, कोवळ्या पडवळाच्या टोकाला दोरीनं दगड बांधा म्हणजे तो वाकडा होणार नाही.

इथवर सगळं सोपं असतं. पुस्तकं इथेच संपतात, आणि आपली खरी अडचण इथून सुरू होते. पिकवलेलं खाणार कोण?

जूनमध्ये फार त्रास नाही. पहिल्या पावसाला टाकळा न पेरता उगवतो, कोवळा आहे तोवर खोबरं घालून सुरेख लागतो. शेवळं निघाली तर काकडं घालूनच करा, नाहीतर घशाला खाज सुटते. भारंगीचा पाला उकडून पिळून घ्या. पाहुणे कौतुकानं खातात, कारण एकदाच खायचं असतं. पण श्रावण लागतो आणि मांडवाखाली उभं राहायला जागा उरत नाही. सोमवारी पडवळाची भाजी, मंगळवारी डाळ घालून पडवळ, बुधवारी पडवळाची कोशिंबीर, गुरुवारी त्याच्या बियांची चटणी. शुक्रवारी मुलगा फोनवर विचारतो, “बाबा, चिपळुणात पनीर मिळतं ना?”

अशा वेळी पडवळ घेऊन काकींकडे जाऊ नये. बिया त्यांच्याच आहेत, तेव्हा मांडवही तसाच लगडलेला असणार. तुम्ही चार द्याल, त्या आग्रहानं सहा देतील, वर अळूची जुडी. अळू काळ्या देठाचं असेल तर वड्या करा, हिरव्या देठाचं असेल तर फदफदं. चिंच किंवा आमसूल दोन्हींत हवंच.

काही गोष्टी मात्र थांबायला तयार असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवा. आठळ्या मातीत पुरल्या की पावसाळाभर आमटीला येतात. आमसुलं नीट वाळली तर वर्षभर राहतात. सुरण तर पाला वाळल्यावरही जमिनीखाली मुकाट पडून राहतो, फ्रिज लागत नाही. दिवाळीनंतर काढा आणि मुंबईचे पाहुणे परत निघाले की त्यांच्या गाडीच्या डिकीत टाका. डिकीत जागा नाही म्हणाले तर पुढच्या सीटवर, पट्टा लावून. सोबत कृती लिहून द्या आणि ‘चिंच’ या शब्दाखाली दोन रेघा मारा. चिंच विसरली आणि घसा खाजला, तर पुढच्या श्रावणात ही मंडळी फिरकणार नाहीत, आणि पडवळ पुन्हा तुमच्याच गळ्यात.