स्थिरपाकीटमीमांसा

१. विषयप्रवेश

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. हत्ती कसा धरावा, मासा कसा गळाला लावावा, स्वयंपाक कसा करावा, चित्र कसे रंगवावे, सगळे त्यात आहे. लग्नाच्या स्टेजवर आहेराचे पाकीट कसे धरावे, हे मात्र नाही. राजाला पाकीट देण्याची सवय नसावी. ही उणीव पुढच्या नऊशे वर्षांत एकाही पंडिताने भरून काढली नाही, म्हणून हे काम शेवटी एका फोटोग्राफरच्या गळ्यात आले आहे. तिथे कॅमेऱ्याचा पट्टा आधीपासून होताच.

प्रस्तुत लेखकाचा अधिकार असा : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षे स्टुडिओ. मुहूर्त असेल तेव्हा मंडपात, नसेल तेव्हा पासपोर्ट फोटो. देणारा आणि घेणारा यांच्यापासून आठ फुटांवर, एक डोळा मिटून, मी आयुष्याचा बराच भाग उभा राहिलो आहे. शास्त्राला लागणारी तटस्थता अशाने आपोआप अंगी येते, कारण त्या पाकिटात आपले काहीच नसते.

२. व्याख्या

पाकीट सर्वांना ठाऊक आहे. छापील, वर सोनेरी गणपती, कोपऱ्यात चिकटवलेला एक रुपया. शंभराचे एकशे एक आणि पाचशेचे पाचशे एक करण्याची जबाबदारी त्या रुपयावर असते. पण सर्वच पाकिटे या शास्त्राचा विषय नाहीत. लक्षण असे :

देणाऱ्याने सोडलेले नाही, घेणाऱ्याने ओढलेले नाही, आणि दोघेही ज्याच्याकडे पाहत नाहीत, ते स्थिरपाकीट.

यातला एकही शब्द फुकट नाही. ‘सोडलेले नाही’ हे पद गाळले, तर नवरीच्या मामाच्या काखेतल्या रेक्झिनच्या पिशवीत पडलेली पाकिटेही स्थिर ठरतील आणि अतिव्याप्तीचा दोष येईल. ‘ओढलेले नाही’ हे गाळले, तर नवरदेवाचा उतावळा धाकटा भाऊ शास्त्रात घुसेल. ‘पाहत नाहीत’ हे गाळले, तर पाकिटावर आपले नाव लिहिले की नाही हे ऐन वेळी तपासणारे सगळे गृहस्थ आत येतील आणि लक्षण कोलमडेल.

स्थिरावस्थेचा काळ फोटोग्राफरच्या ‘एक मिनिट’ या उद्गारापासून सुरू होतो. हे मिनिट साठ सेकंदांचे नसते. माझ्या अनुभवात ते चार सेकंदांपासून, मागून ‘अहो, आमची ही राहिली’ अशी हाक आल्यास, पंगतीच्या दुसऱ्या वाढपापर्यंत लांबते.

३. एक कायदेशीर शंका

इथे प्रश्न येतो की फोटो निघतो त्या क्षणी पाकीट कोणाचे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२ वे कलम सांगते की दान पुरे व्हायला घेणाऱ्याने ते स्वीकारले पाहिजे, आणि तेही देणारा हयात व देण्यास समर्थ असताना. स्थिरपाकीट दिलेले दिसते, पण सुटलेले नसते. धरलेले दिसते, पण मिळालेले नसते. म्हणजे अल्बमात जे छापले जाते ते दान नसून दानाचा मसुदा असतो. फोटोग्राफरने फार वेळ लावू नये असा एक गंभीर निष्कर्ष या कलमातून निघतो, विशेषतः देणारे आजोबा नव्वदीचे असतील तेव्हा.

४. दात्यांचे प्रकार

पहिला सन्मुख दाता. हा स्टेजची पायरी चढतानाच कॅमेरा कुठे आहे ते हेरतो. पाकीट छातीच्या उंचीवर, नाव लिहिलेली बाजू लेन्सकडे. याला काही सांगावे लागत नाही.

दुसरा गुप्त दाता. शेकहँड करता करता नवरदेवाच्या तळहातात पाकीट चारपदरी घडी करून सरकवतो. फोटोत दोन हात दिसतात, पाकीट दिसत नाही, आणि नवरदेवाच्या चेहऱ्यावर आता याचे करायचे काय, हा प्रश्न दिसतो.

तिसरा पुनरागत दाता. याचा फोटो झालेला असतो, पाकीट मामाच्या पिशवीत गेलेले असते, आणि मग याचे कुटुंब येते. आता पुन्हा द्यायला पाकीट नाही. पिशवीतून कुठलेही एक काढून त्याच्या हाती दिले जाते. साताऱ्याच्या एका सद्गृहस्थांच्या हाती आमच्या अल्बमात कराडच्या कोणाचे तरी पाकीट कायमचे अडकून बसले आहे. दोघांनीही अजून ओळखलेले नाही.

चौथा निराहेर दाता, शास्त्रदृष्ट्या सर्वांत विचारणीय. पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असे छापलेले असते आणि हा भला माणूस ते खरे मानून येतो. हात रिकामा असतो, पण हाताला ते पटत नाही. तो स्टेजवर पोचल्यावर आपोआप पुढे होतो, नवरदेवाचाही होतो, आणि दोघे मिळून नसलेले पाकीट धरून माझ्याकडे पाहतात. पाकीट गेले तरी मुद्रा उरते, एवढे या एका दाखल्यावरून सिद्ध होते. अलीकडे स्टेजच्या कडेला क्यूआर कोडचा फलक ठेवण्याची चाल आली आहे. तिथेही माणसे मोबाइल पुढे धरून, हसून, एक क्षण थांबतात. बँकेचा मेसेज केव्हाच आलेला असतो.

५. थांबण्याची उत्पत्ती

माणूस फोटोसाठी का थांबतो, याचा शोध घेताना पॅरिसला जावे लागते. १८३८ साली लुई दागेर याने तिथल्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र आपल्या खिडकीतून घेतले. प्लेटवर प्रकाश पडायला कित्येक मिनिटे लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि चालती माणसे इकडून तिकडे गेली आणि चित्रातून साफ पुसली गेली. स्पष्ट उमटला तो एकच गृहस्थ, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचाच दाखला देतात. नाव कोणाला ठाऊक नाही. त्याचे कर्तृत्व इतकेच की तो थांबला.

पुढच्या वर्षी दागेरची युक्ती जगजाहीर झाली. चेहऱ्याचे फोटो निघू लागले तेव्हा मान हलू नये म्हणून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नामांकित छायाचित्रकार. त्या काळचे आपल्याकडचे फोटो पाहावेत : पगडी, उपरणे, हात गुडघ्यावर, आणि चेहऱ्यावर घरात वाईट बातमी आल्यासारखे गांभीर्य. दुःख काही नाही, ओल्या काचेवर फोटो उमटेपर्यंत हलायचे नसते.

माझ्या उमेदवारीच्या काळात मात्र शटर सेकंदाच्या साठाव्या भागात उघडून मिटत होते, आणि फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागातच संपत होता. एवढ्या वेळात नवरदेवाला हलायचे म्हटले तरी हलता येत नाही. तरीही मी ‘एक मिनिट’ म्हणत असे. त्याचे गुपित फोडतो. फ्लॅशमध्ये चार पेन्सिल सेल असत. एकदा चमकला की पुन्हा भरायला ताज्या सेलवर सहा-सात सेकंद. दुपारी तीनपर्यंत, सेल म्हातारे झाले की, वीस. भरताना तो बारीक शीळ घालतो, भरला की मागे लाल दिवा लागतो. माणसांना वाटे, फोटोग्राफर अँगल बघतो आहे. फोटोग्राफर दिवा बघत असे.

६. नुसता फ्लॅश

आता या शास्त्रातले नाजूक प्रकरण. एका रोलात ३६ फोटो. भरताना हात जपून चालवला तर ३७. साधारण घरचे लग्न तीन रोलांत ठरे, म्हणजे १०८, जपमाळेच्या मण्यांइतके. सीमांतपूजन ते पाठवणी यांत साठ जात. दोन्हीकडच्या घरच्यांच्या ग्रुपला वीस. उरले अठ्ठावीस. आणि स्टेजखाली आहेराच्या रांगेत चारशे माणसे, प्रत्येक जण भांग नीट करून आलेला.

या गणितावर आमच्या धंद्याने काढलेला तोडगा म्हणजे ‘नुसता फ्लॅश मारणे’. फ्लॅशच्या पाठीवर चाचणीचे एक छोटे बटण असते. कॅमेरा डोळ्याला लावायचा, ‘काका, असंच धरा, हां, स्माईल’ म्हणायचे, आणि शटर न दाबता ते बटण दाबायचे. लख्ख उजेड पडतो. काका समाधानाने उतरतात. रोल जागचा हलत नाही. खरा फोटो कोणाचा घ्यायचा हे यजमानाने ठरवलेले असे. त्यांच्याकडचा एक जाणता माणूस माझ्या शेजारी उभा राही. त्याने मान हलवली की शटर, नाहीतर उजेड.

पापपुण्याचा विचार तेव्हा केला नाही असे नाही. उत्तर तयार होते : माणसाला फोटो हवा नसतो, फोटो काढला गेल्याचा मान हवा असतो, आणि तो आपण पुरवतो. हे मत मी बरीच वर्षे बाळगले. ते अगदीच चूक नव्हते; चारशेतले तीनशे नव्वद पुन्हा कधी विचारायला आले नाहीत.

१९९८ च्या मे महिन्यातले एक लग्न. रांगेत एक धोतर-टोपीवाले गृहस्थ आले. पाकीट घामाने मऊ झालेले. स्टेजवर चढून त्यांनी आधी सदऱ्याचे वरचे बटण लावले, टोपी सरळ केली, मग पाकीट पुढे केले आणि माझ्याकडे बघितले. इतके नीट, इतके निश्चल बघणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. दागेरने पसंत केला असता. मी शेजारी पाहिले. मान हलली नाही. मी उजेड पाडला.

‘आला का?’ त्यांनी विचारले.

‘आला, आला.’

तेरा वर्षांनी त्यांचा मुलगा स्टुडिओत आला. वडील गेले होते. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. ‘तुमच्या हातचा एक आहे म्हणायचे दादा. फलाण्याच्या लग्नातला. चांगला आला असंल म्हणायचे.’ तारीखही त्याला पाठ होती. मी निगेटिव्हचे डबे काढले आणि दोन दिवस शोधले. सापडणार नाही हे मला पहिल्या मिनिटालाच माहीत होते. तरी दोन दिवस शोधले. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून दिला. नाक कुठे संपते आणि मिशी कुठे सुरू होते, ते त्यात कळत नव्हते.

७. पूर्वपक्ष

‘पाकिटाचे फोटो म्हणजे जागेची नासाडी,’ असे आजचे कँडिडवाले म्हणतात. नवरीचे हसू, आईचे डोळे, करवल्यांची धावपळ, हे खरे फोटो. स्टेजवरचे सगळे फोटो सारखेच. युक्तिवाद तर्काला धरून आहे. करिझ्मा अल्बम उलगडला तर आहेराची पाने नोटांच्या बंडलासारखी दिसतात : नवरा तोच, नवरी तीच, सोफा तोच, पाकीट तेच, फक्त शेजारचा माणूस बदलतो.

आता याचे उत्तर. फक्त शेजारचाच माणूस बदलतो, म्हणून तर ते फोटो काढायचे. आमच्याकडे भिंतीवर लावायला फोटो मागायला येणाऱ्यांची रीत अशी : वडील गेले, आजी गेली, घरात मोबाइलवर हजार फोटो, पण सगळ्यांत ती माणसे वाढताना, पाठमोरी, नातवाच्या मागे अर्धी. सरळ समोर बघणारा एकच निघतो, कुठल्यातरी लग्नात पाकीट धरलेला. मी नवरा-नवरी कापून बाजूला करतो, मागे निळा पडदा टाकतो, वर हाराला जागा सोडतो. खाली उजव्या कोपऱ्यात पाकिटाची एक सोनेरी कड हट्टाने शिल्लक राहते. ती पुसायचे मी वेगळे पैसे घेत नाही.

८. सिद्धान्त

स्थिरपाकीट हे दान नव्हे, आहेरही नव्हे. ज्या माणसासाठी आयुष्यात कोणी स्टुडिओत वेळ घेऊन ठेवला नाही, त्याचा तो चार सेकंदांचा स्टुडिओ होय. म्हणून पाकीट सोडण्याची घाई करू नये, घेणाऱ्याने ओढू नये, आणि डोळे उघडे ठेवावेत.

शेवटचा रोल धुवून मला बरीच वर्षे झाली. हल्ली एका कार्डावर दोन हजार फोटो मावतात, नुसता फ्लॅश मारायला निमित्तच उरलेले नाही. तरीही स्टेजवरून कोणी ‘आला का?’ विचारले, तर मी ‘आला’ म्हणत नाही. दोन पायऱ्या चढून कॅमेऱ्याची मागची स्क्रीन त्यांच्यापुढे धरतो.