अर्थिंगवाले काकाजी

काही माणसांचं प्रेम मनाईच्या रूपानंच बाहेर पडतं. नागपूरच्या आमच्या कॉलनीत या जातीचे मुकुटमणी म्हणजे अर्थिंगवाले काकाजी. लहान पोर दिसलं की इतर लोक त्याचा गाल ओढतात, काकाजी म्हणतात, "बोर्डात बोट नाही घालायचं." नवी सून पाया पडली तर "सुखी राहा"च्या पाठोपाठ, त्याच श्वासात, "ओल्या हातानं कूलर नाही लावायचा" हेही येतं. कोणाच्या बारशाला गेले तर बाळाआधी मांडवातल्या हॅलोजनची वायर पाहतात आणि जेवणाआधी मांडववाल्याशी भांडून घेतात. रागावले की ते गप्प बसतात. "अमुक करू नका" असं त्यांनी तुम्हाला बजावलं, तर समजायचं की तुम्ही त्यांना आवडता.

ते वीज मंडळातून ज्युनियर इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. मंडळाच्या २००५ साली कंपन्या झाल्या, ही गोष्ट काकाजींनी अजून मंजूर केलेली नाही. शर्टाच्या खिशात बारा महिने टेस्टर, आणि एप्रिल ते जून त्याच्या शेजारी लू लागू नये म्हणून एक कांदा. उन्हाळा लागला की ते घरोघरी जाऊन लोखंडी कूलरला टेस्टर टेकवतात. ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला कूलर यांची गाठ पडून विदर्भात माणसं जातात, हे त्यांनी नोकरीत पाहिलंय. त्यामुळे लोक त्यांना हसतात, पण टेस्टर लावून घेतात.

तापमानाच्या बाबतीत ते फक्त स्वतःच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बोंब झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. "पाहा," काकाजी म्हणाले, "यंत्राले पण ऊन लागते." शहराचा खरा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९, आणि तो ते स्वतःच्या मुलाच्या मार्कांसारखा सांगतात.

अशा माणसाच्या कूलरखाली एका तिरंगी भटक्या मांजरीनं मे महिन्याच्या सुरुवातीला चार पिलं घातली.

जागा तिनं अचूक निवडली होती. घर आणि कुंपणाच्या भिंतीमधली अरुंद सांद, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, त्याच्या ठिबकण्यानं गार झालेली माती, आणि दिवसभर सावली. काकाजींनी पाहिलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "आकडा टाकला इनं." म्हणजे रीतसर अर्ज नाही, डिपॉझिट नाही, थेट जोडणी. काकू म्हणाल्या, "राहू द्या ना जी, बाळंतीण आहे." काकाजी म्हणाले, "राहू द्या कोण म्हणते नाही? पण अनधिकृत आहे, एवढी नोंद असू द्या." आणि खरोखरच वहीत नोंद केली.

वहीत नावंही पडली, विजेच्या फेजच्या रंगांवरून. लालसर पिलू आर, फिक्या पट्ट्यांचं वाय, राखाडी बी, आणि काळं होतं ते न्यूट्रल. काळी वायर न्यूट्रलची असते, यात त्यांना काही विनोद वाटत नव्हता. मांजरीला मात्र नाव नाही. तिचा उल्लेख "ग्राहक" असा होई.

मग ते प्रश्नांची यादी घेऊन सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात जाऊन आले. परतले तेव्हा चेहरा इतका उजळलेला की काकूंना वाटलं, पेन्शनचा फरक मिळाला. झालं होतं असं, की डॉक्टरांनी सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत "नका" होतं. पिलांना हात लावू नका. जागा बदलू नका. आई आहे तोवर पिलांना वरचं काही पाजू नका. बर्फ ठेवू नका. पिलांवर थेट पंखा सोडू नका. आसपास फिनाईल टाकू नका, डांबराच्या गोळ्या ठेवू नका, मांजरांना ते विष आहे. जन्मभर ज्या भाषेत काकाजी बोलत आले आणि लोक कंटाळत आले, ती भाषा जाणणारं एक अख्खं शास्त्र त्यांना त्या दिवशी सापडलं.

संध्याकाळी भिंतीवर परिपत्रक लागलं. खाली सही, हुद्दा, आणि कंसात "निवृत्त".

पहिला आक्षेप समोरच्या आजींचा. त्या वाटीभर दूध घेऊन आल्या होत्या.

"दूध नाही द्यायचं, आजी."

"मांजराले दूध नाही त काय चहा देऊ?"

"मोठ्या मांजराला गाईम्हशीचं दूध पचत नाही. जुलाब होतात. या उन्हात जुलाब झाले त अंगातलं पाणी जाते, आणि तिच्या अंगातलं पाणी गेलं त चौघांचं दूध आटते."

"मी लहानपणापासून मांजरांना दूध पाजून राहिली बाप्पा!"

"आणि ती कुठं जाऊन जुलाब करत होती, विचारलं कधी?"

आजी दूध घेऊन परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी उकडलेलं अंडं घेऊन आल्या. ते मंजूर झालं. पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं, हे वहीत लिहिलेलं होतंच. पाण्याची मातीची परळं तीन ठिकाणी ठेवली गेली, सावलीत, खाण्यापासून लांब. दिवसातून तीनदा पाणी बदलायचं. काकू एवढ्या वर्षांत "माठ भरा" म्हणून थकल्या होत्या. आता परळं भरणारे काकाजी पाहून त्यांनी फक्त एक दीर्घ श्वास घेतला.

थर्मामीटरनं मात्र काकाजींची झोप उडवली. बाहेर ४५, गच्चीवरच्या टिनाखाली ५० च्या वर, आणि कूलरखाली ३२. पहिले तीनेक आठवडे पिलांना स्वतःचं तापमान राखता येत नाही; गारठ्यात गारठतात, तापल्या जागी तापतात, आणि उठून सावलीत जायला आधी त्यांचे डोळे उघडलेले नसतात, आणि उघडल्यावरही पाय भरलेले नसतात. सुरुवातीला तिशीच्या आसपासची ऊब त्यांना हवी असते. म्हणजे ग्राहकानं निवडलेलं ठिकाण शास्त्रशुद्ध होतं. ही गोष्ट इंजिनियरला झोंबली. अर्ज न करता घेतलेली जोडणी नियमात बसतेच कशी?

त्यातच कूलर ठिबकत होता. थेंब पिलांच्या फडक्यापर्यंत पोचू लागले. काकाजींनी एम-सील लावून गळती बुजवली, तर माती सुकली आणि पारा ३६ वर गेला. त्यांनी एम-सील खरवडलं, फडक्यापासून हातभर लांब नवं भोक पाडलं आणि ठिबकणं रीतसर सुरू केलं. गळका कूलर दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. चांगला कूलर मापात गळका करणारा आम्ही पहिल्यांदाच पाहिला. कूलरला नवं अर्थिंग केलं, वर ईएलसीबी बसवली, आणि पाणी भरताना स्विच बंद करायचा हा नियम या वेळी स्वतःलाही लावला.

तरीही हात शिवशिवत होतेच. त्यांनी क्वार्टर बांधायला घेतलं. लाकडी खोकं, वर ओल्या पोत्याचं छप्पर, बाजूला हिरवी जाळी, आत मऊ सुती लुगड्याचा तुकडा. मुंग्यांचं भय होतं, म्हणून खोक्याला बुटके पाय आणि चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, जुन्या जाळीच्या कपाटाच्या धर्तीवर. कडुनिंबाखाली क्वार्टर उभं राहिलं. मांजर आली, वाकून पाहिलं, वास घेतला, आणि पुन्हा कूलरखाली गेली. दुपारी क्वार्टरचा ताबा कॉलनीतल्या दांडग्या बोक्यानं घेतला. पिलांचा वैरी तो, आणि त्याच्यासाठीच वातानुकूलित सोय! काकाजींनी त्याला नोटीस न देता हुसकावलं आणि क्वार्टर मोडून टाकलं. वहीत नोंद: "लाभार्थीने नाकारले."

पिलांची बातमी फुटल्यावर सांदीत जत्रा भरली. पोरं, पोरांचे मोबाइल, पोरांच्या आया. आणि एका सकाळी कूलरखाली फक्त फडकं. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात; पण सात घरांतलं हे दुसरं घर गच्चीवर निघालं, पाण्याच्या काळ्या टाकीखाली. अकरा वाजत आले होते. काकाजी टोपलं घेऊन धावले.

काकूंनी हात धरला. "तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, हात लावू नका म्हणून?"

"इथं बारा वाजता भट्टी होते!"

"तिले समजते. तुम्ही खालची गर्दी हटवा, ती आपली येते."

काकाजींनी टाकीच्या बाजूला ओलं पोतं बांधलं आणि जिना उतरून अशा काही आवाजात "चला व्हा" म्हणाले की पोरंच काय, भाजीवालाही गेला. सांदीत शुकशुकाट झाला. अर्ध्या तासात मांजर एकेक पिलू मानगुटीला धरून खाली आणू लागली. आर, वाय, बी. न्यूट्रल येईपर्यंत काकाजी उन्हात उभे होते, आणि खिशातला कांदा त्यांनी मुठीत दाबून धरला होता.

त्या दिवसापासून भारनियमन लागू झालं. दर्शन सकाळी साडेसहा ते सात, एका वेळी दोन मुलं, अंतर सहा फूट, आवाज बंद. अकरा ते पाच पूर्ण बंद. पोरं कुरकुरली, पण वेळापत्रक पाळलं गेलं. काकाजींच्या उभ्या हयातीत जनतेनं राजीखुशीनं स्वीकारलेलं हे एकमेव भारनियमन.

नवतपा लागला. सूर्य रोहिणीत गेला आणि दुसऱ्याच दुपारी लाइन गेली. कूलर थांबला. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांना "काम चालू आहे, येऊन जाईन" असं सांगितलं, त्यानं फोन लावला.

"घरात बाळंतीण आहे. चार लेकरं आहेत."

"चार? एकदम?"

"एकदम."

पलीकडचा पोरगा घाबरला. वीस मिनिटांत वायरमन हजर. डीपीवर फ्यूज टाकून तो घाम पुसत आला आणि म्हणाला, "बाळंतीण कशी आहे साहेब?" काकाजींनी बोट ओठांवर ठेवून त्याला सांदीत नेलं. वायरमननं पाहिलं. दर्शनाची वेळ नसताना आत गेलेला तो पहिला माणूस. जाताना तो एवढंच म्हणाला, "लाल फेज जरा बारीक वाटतो." काकाजींच्या डोळ्यांत खात्याबद्दल अभिमान दाटला.

त्याच आठवड्यात मांजर भर दुपारी कुठून तरी आली ती तोंड उघडं टाकून धापा टाकत. कुत्र्याचं धापणं रोजचं. मांजर तोंड उघडून धापू लागली की ऊन अंगात शिरलं असं समजायचं. लाळ गळत होती, पाय लडखडत होते. एका पोरानं फ्रीजमधला बर्फ आणला. "बर्फ नाही!" काकाजी ओरडले. मग परिपत्रकाचं पहिलंच कलम स्वतः मोडून त्यांनी तिला उचललं, सावलीतल्या ओल्या पोत्यावर ठेवलं, आणि माठातलंही नाही, नळाचं साधं पाणी पंजांना, कानांना, पोटाला लावत राहिले. काकूंनी पुठ्ठ्यानं वारा घातला. रिक्षा दारात आणून ठेवलीच होती. मांजर उठली, परळातलं पाणी प्याली, काकाजींच्या मनगटावर एक लांब ओरखडा काढला आणि पिलांकडे गेली. तरी डॉक्टरांना फोन झालाच. वहीत नोंद झाली, "स्पर्श केला. अपवाद." ओरखड्याची नोंद नाही. ती काकूंनी डेटॉल लावताना करून दिली.

पाऊस पडला. पिलं दोन महिन्यांची होऊन सांदीबाहेर हुंदडू लागली. मांजरीची नसबंदी झाली, कारण पिलं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. काकाजींनी त्यासमोर "कायमस्वरूपी खंडित" असं लिहिलं, काकूंनी ते खोडून "ऑपरेशन" लिहिलं.

आता पिलं द्यायची होती. कॉलनीत मागणी भरपूर, पण काकाजींनी नवीन जोडणीचा अर्ज छापला. घरात माणसं किती. दुपारी कोणी असतं का. टिनाचं छप्पर आहे का. खिडकीला जाळी आहे का. फिनाईल वापरता का. कूलरला अर्थिंग आहे का. शेवटच्या प्रश्नावर अर्धे अर्ज बाद. एका घराची तर जागेवर जाऊन टेस्टरनं तपासणी झाली, आणि ते लोक मांजर न घेताच म्हणाले, की असू द्या, आम्ही पोपट पाळतो.

ओट्यावर अर्ज चाळत बसलेल्या काकाजींकडे पाहून काकू एकदा म्हणाल्या, "एवढी चौकशी माह्या बाबांनी तुमची केली असती ना, त हे लग्नच झालं नसतं."

काकाजींनी कागदावरून डोळे न उचलता उत्तर दिलं.

"चौकशी मी केली होती. तुह्या बाबाच्या वाड्याला अर्थिंग नव्हतं. तरी मंजूर केलं."