तान्हा पोळा: दारात उभ्या राहणाऱ्या नवशिक्यांसाठी

लेकरांना माया शिकवायला नागपूरच्या सक्करदऱ्यात शिबिर लावावं लागत नाही, पोळ्याचा दुसरा दिवस पुरतो. सकाळी काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवत निघतात, शहराची इडापिडा घेऊन जातात, संध्याकाळी पोरं लाकडी बैल ओढत दारात येतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी नागपुरात हा सण लेकरांसाठीच सुरू केला. मोठ्यांचं काम दाराशी उभं राहण्यापुरतं, पण तेवढंही सोपं नाही.

साहित्य: ताट, बोजारा (म्हणजे पोरांच्या हातावर ठेवायचे पैसे किंवा खाऊ) आणि गप्प राहायची सवय. शेवटची वस्तू बुधवार बाजारातही मिळत नाही.

कृती: बैलाला कुंकू लावून पोराच्या हातावर बोजारा ठेवा. नवशिका इथंच घसरतो. ओळखीच्या पोराला नोट, अनोळखी पोराला नाणं! पोरं फाटकाबाहेर मुठी उघडून मोजतात, आणि तुमचा धडा पाठ होतो. सर्वांना सारखंच द्या. ‘कोनाचा बे तू?’ हे तर विचारूच नका.

अवघड प्रकरण: बैल नसलेलं पोर. मागच्या साली समोरच्या बांधकामावरचं एक पोर असंच मोकळ्या हातानं आलं. ‘बेटा, बैल कुठाय?’ असं विचारून मी पहिली चूक केली. ते पायाकडे बघत राहिलं. आमच्या चिरंजीवांनी आपल्या बैलाची दोरी त्याच्या हातात दिली. ‘तू ओढ, मी मागून ढकलतो. चाक अडकते याचं.’ यात दयाबिया काही नव्हती, चाक खरंच अडकत होतं. मी लगेच ‘शाब्बास!’ म्हणून दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. पुढच्या घरी चिरंजीव सांगू लागले, ‘बैल माझा हाय, मी त्याला दिला.’ दुसऱ्यानं दोरी सोडून दिली.

आणखी पुढचा अभ्यास: १९०८ साली त्याच घराण्यातल्या पुढच्या रघुजीराव भोसल्यांनी सुफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. तो वरच्या वर्गाचा धडा. तुम्ही आधी फाटकाची कडी काढा.

ताट रिकामं झालं की पलीकडच्या गल्लीतली चार पोरं हमखास उगवतात. घरात पाहुण्यांसाठी ठेवलेला काजूकतलीचा डबा असतो. बायको डोळ्यांनी नको म्हणते. डबा आणा.