उजवी खिडकी, मधला पंखा

मे महिन्यातल्या मुंबईत वाचकाचा मार्ग पुस्तकांवरून ठरत नाही, वाऱ्यावरून ठरतो. पारा 33-34 अंशांच्या पुढे फारसा जात नाही, म्हणून नागपूरहून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी हसतो. दुसऱ्या दिवशी तो हसत नाही. हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम वाळत नाही; पंखा फक्त त्या घामाला बिलगलेली दमट हवा बाजूला सारतो. त्यामुळे येथे वाचनाची साधने दोन: पुस्तक आणि पंखा. पैकी पुस्तक नसले तरी चालते.

प्रवास पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सुरू होतो. सकाळी बोरिवलीहून चर्चगेटकडे, म्हणजे दक्षिणेकडे जाताना ऊन डाव्या खिडक्यांतून येते. संध्याकाळी गाडी उत्तरेकडे निघते तोवर सूर्यही पश्चिमेला गेलेला असतो, त्यामुळे तेव्हाही ऊन डावीकडूनच. जाणता वाचक जाता-येता उजवीकडे बसतो. हे गाडीतल्या सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे उजवी खिडकी कधीच मिळत नाही. मिळते ती तिघांच्या बाकावरची चौथी सीट. तिच्यावर निम्मा माणूस बसतो आणि निम्मा उभाच राहतो. पेपराची आधी उभी, मग आडवी घडी घालून वीतभर तुकडा वाचायचा. शेजाऱ्याचा पेपर वाचणे हा येथे हक्क मानला जातो, मात्र तो पान उलटण्याआधी आपले संपवणे ही वाचणाऱ्याची जबाबदारी. "झालं का तुमचं?" असे पेपराच्या मालकानेच अदबीने विचारल्याचीही उदाहरणे आहेत. महिलांच्या डब्यात सकाळी स्तोत्रांच्या छोट्या पुस्तिका निघतात. परतीच्या गाडीत त्याच पिशवीतून निवडायची गवार निघते.

चर्चगेटहून चालत हुतात्मा चौक गाठला की पदपथावरचे पुस्तकवाले लागतात. येथे उभ्याने वाचतात. झाडाची सावली ज्या गठ्ठ्यावर पडते त्या विषयात वाचकाला गोडी वाटू लागते आणि सावली सरकली की तो फौजदारी कायद्यातून निघून बालसंगोपनात शिरतो. पहिले प्रकरण होईपर्यंत विक्रेता काही बोलत नाही. दुसऱ्या प्रकरणाला तो "लेना है क्या?" एवढेच विचारतो. सावलीसाठी थांबलो आहोत, असे उत्तर देण्याची पद्धत नाही.

मग टाउन हॉल. 1804 साली स्थापन झालेली आणि आज एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखली जाणारी संस्था 1833 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत आहे. वर जायला दगडी पायऱ्या 30. साधारण 15 मेला, दुपारी 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास, मुंबईत सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली गडप होते. त्या वेळी पायऱ्या चढणाऱ्याला स्वतःची सावलीही सोबत करत नाही. सोसायटीच्या संग्रहात दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चे जुने हस्तलिखित आहे. नरकाचे वर्णन त्यात पहिल्याच भागात येते. ज्याने नुकत्याच 30 पायऱ्या चढल्या आहेत, त्याने तो भाग वगळला तरी चालते.

कोणत्याही वाचनालयात मधल्या पंख्याखालची खुर्ची रुमाल टाकून राखलेली असते. रुमालाचा मालक सहसा दिसत नाही, पण रुमाल उचलण्याची कोणाची छाती होत नाही.

जेवणानंतर वाचन मागे पडते आणि चिंतन सुरू होते. त्याला काळा घोड्याजवळचे, 1870 साली बांधून झालेले डेव्हिड ससून वाचनालय नावाजलेले आहे, कारण तेथील आरामखुर्च्या. (ज्या घोड्यावरून त्या जागेला नाव पडले तो 1965 साली स्वारासकट तिथून हलला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. तिथे झाडे आहेत.) चिंतनात पुस्तक आधी डोळ्यांसमोर असते, मग छातीवर उपडे पडते, शेवटी तोंडावर येते. या कामी डेमी आकाराचे पुस्तक उत्तम. क्राउनमध्ये हनुवटी उघडी राहते. शब्दकोश टाळावा, श्वासाला जड जातो. कवितासंग्रह फारच हलका, पंख्याने उडतो. मोठ्या आवाजात चिंतन करणाऱ्याला शेजारचा वाचक पेपराची घडी टेबलावर आपटून जागे करतो आणि स्वतः चिंतनाला लागतो.

समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते, म्हणून दुपारपासून वारा समुद्राकडून येऊ लागतो. वाचक दिवसभर ज्याच्या शोधात फिरत असतो तो वारा संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुकट मिळतो, आणि नेमका तोच वाचू देत नाही. पानावर बोट ठेवावे तर पुढची दहा पाने उलटतात, पेपर पसरावा तर तो गिरगावाच्या दिशेने निघतो. तेथे वाचता येतो तो चण्यांच्या पुडीचा कागद तेवढा, कारण आतल्या चण्यांच्या वजनामुळे तो जागचा हलत नाही. त्यावर कधी दहावीची प्रश्नपत्रिका असते, कधी कुणा कंपनीचा ताळेबंद. सात वाजून गेल्यावर सूर्य बुडतो, तरी दिव्यांच्या उजेडात चणे संपेपर्यंत वाचन चालते. मजकूर मात्र मध्येच तुटतो. पुढचा भाग चार माणसे सोडून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या पुडीवर गेलेला असतो आणि त्याचे चणे अजून संपलेले नसतात.