पाठ नसलेली खुर्ची

खुर्चीसाठी कोण कुठवर वाकतो, हे बारामतीकराला शिकवायला नको. पण नीट वाकायलाही खुर्ची लागते, हे मला योगवर्गात कळलं. लोखंडी, घडीची, पाठीचा पत्रा काढलेली. तिच्यात पाय घालून मागे उलटं लोंबायचं. शेजारी लाकडी विटा, सुती पट्टे, लोड, भिंतीला दोर. घरातून विचारणा झाली, "आसनं करताय की माडी चढवताय?"

हे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचं देणं. १९३७ साली ते पुण्यात आले, १९७५ साली शिवाजीनगरात त्यांची संस्था उभी राहिली. हात जमिनीला पोचत नसेल तर जमीनच विटेएवढी वर आणायची! नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, इंदापूरकडे, पाण्याच्या बाबतीत कुणी असं करून दाखवावं.

त्रिकोणासनात सर बजावतात : टाच दाबा, गुडघ्याची वाटी वर खेचा, कान खांद्यापासून लांब. एवढं लक्ष मी लग्नातही दिलं नव्हतं.

परवा इंदापूर रस्त्याला ऊसतोड चालली होती. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढत होती. मान, कणा, टाच एका ओळंब्यात. साधन म्हणाल तर चुंबळ. सर असते तर वर्गाला थांबवून दाखवलं असतं. मी गाडीतूनच बघितलं, कमरेला उशी लावून.